एका अव्ययाची शस्त्रक्रिया

४ जानेवारी

डॉक्टरीणबाईंनी आज मला एक कार्ड दिलं. त्यावर महिन्याचे तीस चौकोन. ज्या दिवशी रक्तस्राव होईल त्या दिवशी एक फुली मारायची. फार झाला तर दोन. मी अठ्ठावीस वर्षं एका दैनिकाची वार्ताहर आहे. गटाराच्या झाकणावर दीड कॉलम लिहिणाऱ्या बाईला स्वतःच्या देहाविषयी नुसती फुली मारून गप्प बसायला सांगणं हा अन्याय आहे. येताना दोनशे पानी वही घेतली.

तर वृत्त असे : गर्भाशयात गाठी आहेत. एक मोठी, तीन धाकट्या. "चौदा आठवड्यांचं झालंय," बाई म्हणाल्या. एकोणपन्नासाव्या वर्षी बायकोबद्दल हे वाक्य ऐकून ह्यांचा चेहरा असा झाला की बाईंना घाईघाईने खुलासा करावा लागला. "आकार हो, आकार! आम्ही आठवड्यांत मोजतो." हे पेशाने घड्याळजी. आकारसुद्धा वेळेने मोजणारं एखादं शास्त्र आहे हे कळल्यावर त्यांना बाईंविषयी फार आदर वाटू लागला.

बाईंचं म्हणणं, काढून टाकू. दुर्बिणीतून, चार छिद्रं, तीन दिवसांत घरी. त्यांची सगळी वाक्यं कर्तरी प्रयोगातली. मी काढते, मी शिवते, तुम्ही चालू लागता. संस्कृतात कर्तरी म्हणजे कात्रीही. त्यांचं नाव आजपासून कर्तरीबाई.

पोट तपासताना त्यांना दिसायचं ते दिसलंच. "हे काय?"

"जुनं आहे," मी म्हटलं. जसं काही फर्निचरच.

सोरायसिस. एकोणीस वर्षं. कोपरं, गुडघे, पाठ. पोटावरचा विस्तार मात्र गेल्या दोन महिन्यांतला. लालसर चट्टा, वर चंदेरी खवले, सतत झडणारे. कर्तरीबाई म्हणाल्या, "मला नेमकी तिथेच छिद्रं पाडायचीत. तुमच्या त्वचेच्या डॉक्टरांचं पत्र आणा."

उठताना मी विचारलं, "ऑपरेशनच्या खोलीत माणसं किती असतात?"

"सातेक. का?"

"सहज." वार्ताहराला आकडे लागतात.

६ जानेवारी

त्वचेचे डॉक्टर. त्यांना मी एकोणीस वर्षं मनातल्या मनात भावे म्हणते. ते त्यांचं आडनाव नव्हे, प्रयोग आहे. "सबुरीने घ्यावं लागेल." "थोडं थांबायला हवं." "पाहिलं जाईल." कोण पाहणार, कोण थांबणार, याचा पत्ता नाही. कर्ता शोधत बसलं की दुसऱ्या पेशंटची हाक येते.

पण आज त्यांनी एक गोष्ट समजावून सांगितली. या त्वचेला एक खोड असते. जिथे जखम होईल तिथे ती उगवते. चट्ट्यावरूनच छेद गेला तर टाक्यांच्या ओळीतून पीक येण्याचा संभव. बरोबर आलेल्या ह्यांनी विचारलं, "मग काय करायचं?"

"मग पाहिलं जाईल," भावे म्हणाले आणि पत्र लिहायला बसले. अक्षर असं, की मुंगी शाईत बुडाली, जिवंत निघाली आणि घरी जाताना रस्ता चुकली.

म्हणजे एक म्हणतात कापा, दुसरे म्हणतात कापलं जाऊ नये, आणि मी दोघांच्या मध्ये कर्मणी. क्रियेचं जे काही होईल ते माझ्यावर.

७ जानेवारी

वन्संचा फोन. ह्यांनी बहिणीला सांगितलं होतं, म्हणजे आता सांगायचं कोणी उरलं नाही.

"पिशवीच ना? काढून टाक. माझी सात वर्षांपूर्वी काढली. जीव कसा हलका झाला म्हणून सांगू!"

"किती हलका?"

"दीडशे ग्रॅम. मी डॉक्टरांना वजन विचारून घेतलं होतं. आणि ते तुझ्या अंगावरचं, त्याला कोरफड लाव."

"लावली होती."

"मग मनापासून लावली नसशील."

वन्सं निवडणुकीला उभ्या राहिल्या असत्या तर मी नोकरी सोडून त्यांचा प्रचार केला असता.

८ जानेवारी

पत्राचा फोटो कर्तरीबाईंना पाठवला. उत्तर आलं : "अक्षर लागत नाही. तुम्ही पत्रकार ना? नीट टाईप करून पाठवा."

मी एकोणीस वर्षांच्या सरावाने वाचलं. मजकूर असा : "रुग्णाच्या पोटावरील चट्टे सक्रिय असून त्यात वाढ दिसून येत आहे. सध्या शस्त्रक्रिया टाळलेली बरी. उपचार चालू करण्यात आलेले आहेत."

हे असं पुढे पाठवणं हाताला जमेना. "रुग्णाच्या" गेलं, पोट रुग्णाचंच असणार, कंपाउंडरचं कशाला असेल? "असून", "दिसून येत आहे", "करण्यात आलेले आहेत" हा सरकारी पिसारा उपटला. "सध्या" हे तर आमच्या उपसंपादकांनी मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात गाळायला शिकवलेलं अव्यय आहे. "बातमी सध्याचीच असते, ताई. आपण काय शिलालेख छापतो?" उरलं ते असं : "पोटावर सक्रिय चट्टे. शस्त्रक्रिया टाळावी. उपचार चालू." एकोणीस शब्दांचे सात.

शब्द काढले, आशय ठेवला. कर्तरीबाईंना याच्या उलट करायचं आहे. त्या नेमका आशयच काढून बाकी सगळं ठेवणार. हा विनोद उपसंपादकांना सांगावासा वाटला. पण मग त्याआधीचं बरंच सांगावं लागलं असतं.

९ जानेवारी

कर्तरीबाईंचं उत्तर : "ठीक आहे. ते नकोच म्हणतायत तर गोळ्यांवर राहू. तीन महिन्यांनी या. फुल्या मारत जा."

इतकं मोकळं वाटलं की मी कपाट आवरलं, स्वयंपाकघरातला दिवा बदलला आणि तीन वर्षं राहिलेलं एक पत्र लिहून टाकलं. दुकानात जाऊन ह्यांना सांगितलं. डोळ्याला भिंग लावूनच त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"दोघा डॉक्टरांचं एकमत झालं?"

"झालं."

"बरं," हे म्हणाले. भिंग काही त्यांनी लगेच काढलं नाही.

२० जानेवारी

ह्यांनी सोफ्याला नवीन कव्हरं आणली. राखाडी, त्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा पाऊस. अगदी धुळीत लोळल्यासारखी. गेल्या वर्षी चादरी आणल्या त्या सगळ्या पांढऱ्या. माझी गडद निळी शाल "विरली होती" म्हणून देऊन टाकली. ती कुठेही विरलेली नव्हती. सेकंदकाट्याचं वाकणं दिसणाऱ्या माणसाला रंग मात्र दिसत नाहीत, हे देवाने कोणत्या हिशेबाने केलं कोण जाणे. वर सकाळी माझ्याआधी उठून झोपायची खोली झाडून काढायचं नवं वेड. नवं म्हणजे अठराएक वर्षांचं.

मी म्हटलं, "अहो, एकदा तरी चॉकलेटी काही आणा."

"डाग दिसतात त्यावर," म्हणे.

चॉकलेटीवर डाग दिसतात! कोणाला सांगायचं?

२९ जानेवारी

बर्फाची चटक लागली आहे. कार्यालयातल्या फ्रिजचा बर्फाचा ट्रे मी दुपारपर्यंत एकटी संपवते. कडाकड चावायचा. उपसंपादक स्वेटर घालून बसले होते. "ताई, थंडीत?"

"वय झालं की उष्णता वाढते."

"कोणाची? आमची तर कमीच होत चालली."

याखेरीज विशेष काही नाही. नगरपालिकेच्या इमारतीचा जिना त्यांनी वाढवलेला दिसतो. पूर्वी एका दमात होत असे, आता मधे दोनदा थांबून भिंतीवरच्या सूचना वाचाव्या लागतात. सूचना माहितीपूर्ण आहेत.

कार्डावर या महिन्यात अकरा दिवस दोन फुल्या. तीन फुल्यांची सोय नाही, म्हणून दोनच मारल्या.

६ फेब्रुवारी

पोट स्वच्छ झालं आहे. मी स्वतःच आरशापुढे पाहिलं आणि विश्वास बसला नाही. भाव्यांनीही दिव्याखाली पाहिलं, आणि त्यांना चक्क आनंद झाला. म्हणजे "समाधान वाटतं" असं म्हणाले. कोणाला, ते नेहमीप्रमाणे गुलदस्त्यात.

मग विचारलं, "शस्त्रक्रियेची तारीख ठरली असेल?"

"नाही. आपणच टाळावी म्हणून लिहिलं होतंत ना?"

"सध्या टाळावी, असं लिहिलं गेलं होतं." त्यांनी माझ्या फायलीतली प्रत काढून शब्दावर बोट ठेवलं. ते बरोबर होतं. त्या पत्रातला सगळ्यात सुवाच्य शब्द तोच. "सध्या म्हणजे तीनचार आठवडे. आता जागा स्वच्छ आहे. आताच उरकून घ्यायला हवं. ही त्वचा, किती दिवस अशी राहील ते सांगता येत नाही. दोन महिन्यांनी हीच संधी मिळेल असं धरून चालू नये."

मी म्हटलं, "बाईंना विचारते."

घरी ह्यांनी विचारलं, "काय म्हणाले?"

"पोट छान झालंय म्हणाले."

बातमी खोटी नव्हती. अपुरी होती.

७ फेब्रुवारी

सवय. दुसरं काही नाही. अठ्ठावीस वर्षांचा हात आहे. शब्द दिसला की गळतो. कोणत्याही उपसंपादकाने हेच केलं असतं. बाईंना आता कळवायचं म्हणजे एका अव्ययासाठी दोन डॉक्टरांना कामाला लावायचं. एप्रिलमध्ये जायचंच आहे. गोळ्या चालूच आहेत. हा विषय इथे संपला.

८ फेब्रुवारी

संपला नाही. आज दुपारी कार्यालयात माझ्याच जुन्या बातम्यांच्या फायली काढून बसले. मी "सध्या" नेहमी गाळते, हे मला कोणापुढे तरी सिद्ध करायचं होतं. कोणापुढे, ते सांगता येत नाही. खोलीत मी एकटीच होते.

"पूल सध्या वाहतुकीस बंद." "टाकी साफ होत असल्याने पाणीपुरवठा सध्या सकाळीच." "प्रसूतिगृह सध्या शाळेच्या इमारतीत." "सध्या" ठेवलेला. एकदा नव्हे, सहा महिन्यांत नऊ वेळा. एका ठिकाणी तर उपसंपादकांनी काढलेला मी भांडून परत घातला आहे. तेव्हाचा आमचा संवादही आठवला. मी म्हटलं होतं, "अहो, पूल बंद म्हणजे लोक समजतील कायमचाच गेला. माणसं नोकऱ्या बदलतील!"

म्हणजे मला कळतं. गाळायचं कुठे आणि नाही कुठे, ते मला चांगलं कळतं.

फाईल जागेवर ठेवली. बर्फ खाल्ला.

१२ फेब्रुवारी

काल नगरपालिकेच्या बैठकीत मी गटाराच्या झाकणांविषयी प्रश्न विचारायला उभी राहिले. पुढचं जे दिसलं ते सभागृहाचं छत. छताला ओल आली आहे. यावर कधीतरी लिहायला हवं.

कोणीतरी रक्तदाब पाहायला माझी बाही वर केली होती. शुद्धीवर आल्यावर मी पहिलं काम केलं ते बाही खाली ओढायचं. दुसरं, आपण कुठे आहोत ते विचारायचं. लिहिताना हा क्रम जरा चमत्कारिक वाटतो आहे.

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन सहा पूर्णांक आठ. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "बर्फ, माती, खडू असलं काही खावंसं वाटतं का?"

मी म्हटलं, "खडू नाही."

आजच्या दुसऱ्या पेपरात चौकट आहे : "बैठकीत महिला प्रतिनिधीस उकाड्यामुळे भोवळ." उकाडा! फेब्रुवारीत! यांना अजून कोणी दुसरी बाजू विचारायला शिकवलं नाही.

हे आले तेव्हा दुकान अर्धवट बंद करून आले होते. शर्टाच्या खिशात कोणाच्या तरी घड्याळाचं पोट उघडंच होतं. खाटेजवळ बसले. आणि एकदम इतकं बोलले की मी घाबरले.

"घड्याळ मागे पडायला लागलं की लोक रोज सकाळी काटे पुढे करतात. कोणी महिना करतं, कोणी वर्ष. मग बंद पडतं तेव्हा आणतात. आणि काऊंटरवर ठेवून म्हणतात, कालपर्यंत छान चालत होतं हो."

मी म्हटलं, "अहो, त्या पत्रातला एक शब्द मी गाळला."

"कुठला?"

"सध्या."

त्यांनी तो शब्द मनातल्या मनात परत जागेवर बसवून पाहिला असावा. "मग आता?"

"आता पोट स्वच्छ आहे. आता केली तर चालेल. म्हणजे आताच केली तर."

"घाबरलीस का?"

"संपादन केलं."

"बरं," हे म्हणाले. आणि खिशातलं घड्याळ बंद करून, झाकण बसवून, पुन्हा खिशात ठेवलं.

१३ फेब्रुवारी

अठ्ठावीस वर्षांत माझ्या नावावर एकही चूकदुरुस्ती छापलेली नाही. याचा मला अभिमान होता. आज पहिली लिहिली. चार मसुदे झाले.

पहिल्यात "अनवधानाने" होतं. काढलं. दुसऱ्यात "तांत्रिक कारणाने". हे कारण आमच्याकडे शाई संपण्यापासून संपादक पळून जाण्यापर्यंत कशालाही लावतात. काढलं. तिसरा मसुदा दीड पान झाला. त्यात माझं लग्न, माझ्या लांब बाह्या आणि एका समारंभात माझ्या शेजारची खुर्ची हळूच दूर सरकवणाऱ्या एका बाईचा वृत्तान्त होता. तोही काढला. कर्तरीबाईंना पाठवला तो चौथा :

"दि. ८ जानेवारीला मी आपल्याला पाठवलेल्या मजकुरात मूळ पत्रातला 'सध्या' हा शब्द गाळला होता. चुकून नव्हे. त्वचेच्या डॉक्टरांच्या मते आता शस्त्रक्रिया करता येईल. जागा स्वच्छ आहे, पण किती दिवस राहील सांगता येत नाही. मला कापण्याची भीती वाटत नाही. आपल्या त्या खोलीत सात माणसांपुढे उघडं पडण्याची वाटते. हिमोग्लोबिन ६.८."

दुसऱ्यांदा न वाचता पाठवला. पाच मिनिटांत फोन.

"अहो बाई, तुम्ही स्वतःला समजता काय?" कर्तरीबाईंचा आवाज कानापासून वीतभर लांब धरला तरी स्वच्छ येत होता. "सहा पूर्णांक आठ! आणि मला हे चिठ्ठीने कळवताय? मी पण गाढव. अक्षर लागत नव्हतं तर फोन उचलून त्यांना विचारायचं होतं, पेशंटकडून पत्र टाईप करून घ्यायचं नव्हतं. उद्या सकाळी रक्त चढवायला या. दोन बाटल्या. तारीख मी ठरवते, त्यांच्याशी मी बोलते. तुम्ही मधे पडायचं नाही. तुम्ही कुठलंही पत्र हातात धरायचं नाही. कळलं?"

"कळलं."

"आणि सात नाही, आठ माणसं असतात."

"आठवं कोण?"

"तुम्ही. पण तुम्ही झोपलेल्या असता, म्हणून मी धरत नाही."

२२ फेब्रुवारी

दाखल झाले. हिमोग्लोबिन नऊच्या पुढे. बर्फाची वासना साफ गेली. कालपासून फ्रिजकडे जुन्या ओळखीच्या माणसाकडे पाहावं तसं पाहते.

हे घरून पिशवी भरून आले. तीत सोफ्याच्या कव्हरांसारखी राखाडी, पांढऱ्या ठिपक्यांची नवी चादर. इथल्या चादरी गडद हिरव्या आहेत, छान तलम. मी म्हटलं, "अहो, दवाखान्यात कोणी घरची चादर आणतं का? काय म्हणतील?" ऐकलं नाही. हिरवी काढून घडी घातली आणि ही अंथरली. हट्टीपणा यांच्या घराण्यातच आहे. वन्संना ओळखणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

संध्याकाळी नवल घडलं. भावे स्वतः आले, कर्तरीबाईंच्या बरोबर. दोघं माझ्या पोटावर वाकून भूखंडाचा व्यवहार करावा तसे बोलत होते. कर्तरीबाई म्हणाल्या, "मला इथे हवंय." भाव्यांनी माझ्या बेंबीखाली बोट टेकवलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तिथे नको. इथे पाडा."

पाडा! आज्ञार्थ! एकोणीस वर्षांत त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच एक क्रियापद जमिनीवर उतरलं. मी उठून नमस्कार करणार होते, पण पोटावर पेन टेकलेलं होतं.

२५ फेब्रुवारी

परवा झाली. आज लिहिण्याइतकी बसू शकते. नोंद सविस्तर करते, कारण वृत्तमूल्य अनपेक्षित ठिकाणी निघालं.

मला ढकलत नेलं, तेव्हा मी मनात एक वाक्य तयार करून ठेवलं होतं. कोणी काही म्हटलं तर शांतपणे सांगायचं : "हे संसर्गजन्य नाही." चारदा घोकलं. खोली थंड, दिवे प्रखर. अंगावरचं काढलं. कोपरं, गुडघे, पाठ, सगळं त्या दिव्यांखाली. मी डोळे मिटून वाट पाहिली.

भूल देणारे डॉक्टर कोणाला तरी सांगत होते की लिफ्ट दोन दिवस बंद आहे आणि त्यांचा गुडघा गेला. एक नर्स कात्र्या मोजत होती आणि मोजणी चुकली म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजत होती. दुसरी तिला म्हणत होती, "तुझ्या लेकीचा पेपर कसा गेला?" "इंग्रजी सोपं होतं गं, गणितात बोंब." मी एक डोळा उघडला. कोणीही माझ्याकडे पाहत नव्हतं. म्हणजे पाहत होते, पण लोहार लोखंडाकडे पाहतो तसं.

एकोणीस वर्षं दाबून ठेवलेली बातमी. फुटली, आणि वाचक नाहीत! खरं सांगायचं तर जरासा अपमानच वाटला.

भूल देणाऱ्यांनी मास्क धरला. "काय करता तुम्ही?"

"वार्ताहर आहे."

"अरे वा! मग या लिफ्टचं एकदा छापा ना. माणसं—"

लिफ्टमुळे माणसांचं काय होतं ते मला कळलं नाही. जागी झाले तेव्हा बाहेरची खाट, तोंडाला कोरड, आणि खुर्चीवर हे. कर्तरीबाई येऊन गेल्या होत्या. सगळं नीट झालं, अंडाशयं ठेवली. "वजन?" मी विचारलं. वन्संना सांगायला लागणार होतं. सहाशे चाळीस ग्रॅम. सबंध घराण्यात आता माझा जीव सगळ्यात हलका.

२६ फेब्रुवारी

भावे टाके पाहून गेले. तीन स्वच्छ. चौथ्याच्या कडेला किंचित लाली. "लक्ष ठेवायला हवं," म्हणाले. प्रयोग पुन्हा मूळपदावर आला. लाली उगवली तर उगवली. एवढ्याशा जागेसाठी मी गर्भाशयासकट मरायला निघाले होते, हे आज पहिल्यांदा अशा शब्दांत लिहिते आहे. खोडत नाही.

सकाळी अंग पुसायला मावशी आल्या. वॉर्डातल्या सगळ्या खाटा त्यांच्याकडे. हातात गरम पाण्याची बादली, खांद्यावर टॉवेल, आणि बोलण्यात कुठेही स्वल्पविराम नाही. हात झाले, पाय झाले. मी म्हटलं, "पाठ राहू दे. मी घरी गेल्यावर पुसेन."

"स्वतःची पाठ कोण पुसतं, ताई?"

घरी मी लाकडी पट्टीच्या टोकाला कापूस बांधते आणि तिने मलम लावते. पहिल्या वर्षी ह्यांनी एकदा विचारलं होतं, लावून देऊ का. मी नको म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. हे सगळं मावशींना काय सांगणार? त्यांनी तेवढ्यात गाऊन वर केलासुद्धा.

मी वाक्य तयार ठेवलं. संसर्गजन्य नाही.

मावशी थांबल्या. वाकून पाहिलं. म्हणाल्या, "अगं बाई. खाजतं का हो हे?"

एकोणीस वर्षांत मला लोकांनी पुष्कळ विचारलं आहे. पसरतं का. कशाने झालं. खाण्यात काही आलं का. माहेरी कोणाला होतं का. लग्नाच्या आधी होतं की नंतर. हे कोणी विचारलं नव्हतं. तोंडातून आधी ते दुसरं वाक्य निघायला बघत होतं.

"खाजतं," मी म्हटलं. "फार."

"कुठं जास्त?"

"मधोमध. हात पोचत नाही तिथे."

मावशींनी टॉवेल गरम पाण्यात बुडवून पिळला आणि पाठीवर टेकवला. नुसता टेकवला. मी काय आवाज काढला ते माहीत नाही. पलीकडच्या खाटेवरची बाई वळून पाहायला लागली. तेवढ्यात हे चहाचा थर्मास घेऊन दारात आले आणि माझी उघडी पाठ पाहून तिथेच उभे राहिले. परत वळणारच होते.

"या की!" मावशी म्हणाल्या. "उभे काय राहताय? हे धरा. मला अजून सहा खाटा आहेत."

थर्मास टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग मोरीत नळ. हात धुत होते. पुष्कळ वेळ, घड्याळ उघडायच्या आधी धुतात तसे. मग टॉवेल पाण्यात बुडाला, पिळला गेला. मी मान वळवली नाही.

"इथे?" ह्यांनी विचारलं.

"थोडं वर."

"इथे?"

"डावीकडे, अहो. अजून. हां. दाबून."